हळदीच्या बोटाचा शब्दकोश

आमच्या घरात इंग्रजी आलं ते दादामुळे, आणि ते आलं तेव्हा मला दादाशेजारी बसायला जागा मिळाली. त्याआधी मला कुठंच ठरलेली जागा नव्हती. पाहुणे आले की मी स्वयंपाकघराच्या दाराआड. पाहुणे गेले की आईच्या हाताखाली. शाळा चौथीनंतर सुटली. वडील नुकतेच गेले होते, आईला दम्यानं धरलं होतं आणि पुढची मुलींची शाळा लांब होती. कुणी मला शाळा सोड असं म्हटल्याचं आठवत नाही. एका सकाळी मी दप्तराऐवजी मंडईची पिशवी घेतली, एवढंच. मंडई आमच्या बिऱ्हाडापासून इतकी जवळ होती की पहाटे भाज्यांच्या गाड्या रिकाम्या होऊ लागल्या की कोथिंबिरीचा वास आमच्या जिन्यापर्यंत येई आणि हमालांच्या आरोळ्यांनी आईला जाग येई. दोन खोल्या, मागं सज्जा, खाली कल्हईवाल्याचं दुकान. भात्याचा सूं सूं आवाज दिवसभर चाललेला असे आणि नवसागराचा धूर वर येई, म्हणून आई मागची खिडकी बंद ठेवून कल्हईवाल्याचा उद्धार करी.

दादा कँपातल्या एका कचेरीत कारकून होता. त्याला एकच नाद, इंग्रजी साप्ताहिकात येणारी शब्दकोड्याची स्पर्धा. शनिवारी तो अंक घेऊन येई, रविवारी जेवणं झाली की पाट ओढून बसे, अडलेल्या जागा पुढच्या रविवारपर्यंत ठेवी आणि मग सोमवारी कचेरीत जाता जाता उत्तर टपालात टाकी. चौकोनात काही अक्षरं दिलेली असत, बाकीची आपण भरायची. एकेका जागी दोन-तीन शब्द बसतील अशी खोच मुद्दाम ठेवलेली असे. आता ती अक्षरं ज्यांत येतात असे शब्द शोधायचे तर कोश चाळायला हवा आणि दादाला तेवढा वेळ कुठला? म्हणून त्यानं मला ए ते झेड शिकवलं. दोन दुपारी पाटीवर गिरवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी कोश माझ्यापुढे ठेवला. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेला होता, पण नवी लाल कापडी बांधणी केलेला, पाटासारखा जड. "कुसुम, चार अक्षरी, शेवटी ओ, डब्ल्यू, एल," असं तो सांगून जाई आणि मी आठवडाभर शोधत बसे.

शेवटची अक्षरं दिली असली की सगळा कोश पहिल्यापासून पाहावा लागतो. मी भात शिजत ठेवला की पाच-सहा पानं बघे, डाळीला उकळी येईपर्यंत आणखी दोन. बोट ओळीओळीवरून खाली सरकत जाई. त्या शब्दांचा अर्थ मला ठाऊक नव्हता, उच्चार तर त्याहून नाही. पण शेपटी ओळखू येई. गर्दीत आपल्या माणसाची पाठ ओळखू यावी तशी. सापडला की पाटीवर उतरवायचा आणि कोशात चिंचोका ठेवून पुन्हा चुलीकडे वळायचं. हात धुऊन कोशाला हात लाव, असं दादा नेहमी सांगे, पण हळद पाण्यानं जाते थोडीच. पानापानावर माझ्या बोटाचे पिवळे ठसे उमटले होते. "तुझा कोश आमटीत टाकला तर वेगळी फोडणी नको," असं आई म्हणे.

दादाचा एक नियम होता. त्याला स्वतःला पक्का माहीत नसलेला शब्द कोशात डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चौकोनात लिहायचा नाही. आणि पाहायचा कुणी, तर मी. रविवारी दुपारी तो शब्द एकेक अक्षर सुटं करून सांगे, मी पानं उलटे आणि सापडला की "आहे" म्हणे. मग त्याचा टाक खाली टेके. घरात माझ्या शब्दाची वाट पाहिली जाई अशी आठवड्यातली ती एकच वेळ. मी एरवी इतकं कमी बोले की शेजारच्या काकू आईला विचारत, हिला कानांचा त्रास आहे का म्हणून. पण रविवारच्या त्या "आहे"साठी मी सोमवारपासून जगत होते म्हटलं तरी चालेल.

माझ्याकडून चुकाही होत. दादा पाटी बघून म्हणे, "अगं, लँड कसा सुटला तुझ्या नजरेतून? आणि लँप?" मला मेल्याहून मेल्यासारखं होई. मी तर बोट एकाही ओळीवरून उचललं नव्हतं. एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून चमत्कारिक वाटे. प्रत्येक अक्षर सुरू होताना पानावर ते मोठं, ठळक छापलेलं असे. ए ला तसं होतं, बी ला होतं, अगदी दोन पानांत संपणाऱ्या झेडलाही होतं. एल ला नव्हतं. के चे शब्द चालले असत आणि पान उलटलं की एल चे चालू. मी ते कुणाला विचारलं नाही. मला वाटलं, असेल एखाद्या अक्षराचा मान कमी. सगळ्यांनाच कुठं मोठं पान मिळतं.

मग दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली.

वहिनी लोणी काळभोरची. वडील शाळामास्तर, आणि त्यांनी हिला मॅट्रिक केलेली. उंच, सावळी, दात जरा पुढे. मी पहिल्याच दिवशी तेवढं बघून घेतलं होतं. ती मला "वन्सं" म्हणे. मी तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, तरी अहोजाहो करी. घाईत तिच्या तोंडून "हाय" निघून जाई. "दूध हाय का शिल्लक?" असं. आई लगेच म्हणे, "आमच्याकडे दूध 'आहे' असतं हो, 'हाय' नसतं." ती ओशाळून हसे. मला त्या वेळी इतका आनंद होई की मी तोंड फिरवून कोथिंबीर निवडायला घेई. तिच्यात काही चूक निघावी, याची मी दिवसभर वाट पाहत असे. पण पोळ्या तिच्या माझ्याहून पातळ होत, आणि आईला दम लागला की पाठ कशी चोळायची तेही तिला न सांगता समजलं होतं.

पहिला रविवार आला. जेवणं झाली, आईनं पानसुपारी घेतली, दादानं पाट ओढला आणि मी कोश घेऊन माझ्या जागी बसले. वहिनी आत भांडी आवरत होती. दादानं अंक उघडला. "पाच अक्षरी, सुरुवात सी, आर, शेवटी ई," असं तो मला सांगत होता. मी नुकतं सी काढत होते, तोवर आतून परातीच्या आवाजाबरोबर आवाज आला, "क्रेन असेल. सारसासारखा पक्षी असतो ना, तो." दादाचा हात थांबला. त्यानं दाराकडे पाहिलं. असा चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता, मी पाटीभर शब्द शोधून दिले तेव्हाही नाही. "तुला येतं हे?" त्यानं विचारलं. ती पदराला हात पुसत दारात आली आणि म्हणाली, "थोडं थोडं."

आई म्हणाली, "डोक्यातले शब्द जरा डोक्यातच ठेव, सूनबाई. दूध उतू चाललंय."

पण पुढच्या रविवारी ती भांडी तशीच ठेवून दारात बसली, त्याच्या पुढच्या रविवारी उंबऱ्याच्या अलीकडे, आणि महिन्याभरात पाटाच्या दुसऱ्या बाजूला. मला जे आठवडाभर चुलीपुढे बसून सापडे, ते तिला डोळे मिटले की मिळे. ती वर आढ्याकडे बघे, ओठ हलवी आणि शब्द घेऊन खाली येई, वर शिंक्यावर ठेवलेलं काढून द्यावं तसं. शिवाय अर्थासकट. माझ्याकडे नुसत्या शेपट्या होत्या, तिच्याकडे अख्खी जनावरं. दोघं एका शब्दावरून हसत, दादा तिला चिडवी आणि मी मधे कोश धरून बसलेली. मला हसण्याचं कारण कळत नसे. मी तेव्हा वहिनीचे दात मोजावेत इतकं टक लावून तिच्याकडे बघत असे.

एवढं होतं तरी नियम शिल्लक होता. तिनं सांगितलेला शब्दही दादा माझ्याकडे पाठवी. "बघ गं," तो म्हणे. मी शोधे. तो शब्द कोशात नसावा असं मला दर वेळी मनापासून वाटे आणि तो दर वेळी असे. "आहे," मी म्हणे. पूर्वी ज्या शब्दानं माझी छाती फुगत होती तोच आता तिच्या पदरात टाकायचा.

त्या सुमारास स्पर्धेला बक्षीस लागलं होतं रेडिओचं. आमच्या आळीत रेडिओ एकाच घरी होता आणि त्यांच्या खिडकीखाली उभं राहून गाणी ऐकणं आईला कमीपणाचं वाटे. दादानं रेडिओ ठेवायला कोनाडा रिकामा करून ठेवला, तिथला गणपती आईनं पुटपुटत देव्हाऱ्यात हलवला. त्या आठवड्यातलं सगळं कोडं जमलं, एक जागा सोडून. चार अक्षरी, शेवटी ए, आय, आर. खूण अशी होती, की शिकारी याच्या शोधात रानात हिंडतो. मी आठवडाभर कोश पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला होता आणि पाटीवर तीन-चार शब्द होते. फेअर, हेअर, पेअर. दादा म्हणाला, "पेअर. जोडी. एका जनावरापेक्षा जोडी बरी."

"अहो, शिकाऱ्याला जोडी कशाला हवी?" वहिनी हसून म्हणाली. "जोडी मिळवायला कुणी बंदूक घेऊन जातं का? लेअर असेल. एल, ए, आय, आर. जनावर जिथं लपून राहतं ना, ती जागा. आम्हाला धडा होता, कोल्ह्याचा."

"मी कधी ऐकला नाही," दादा म्हणाला. "बघ गं, कुसुम."

मी एल काढला. त्या दुपारचं मला सगळं आठवतं. खाली भाता बंद होता, कल्हईवाला जेवायला गेला असावा. आईच्या अडकित्त्याचा आवाज तेवढा होता. मी एल चं पहिलं पान पाहिलं. एल, ई नं सुरू होणारे शब्द होते. एल, ए नं सुरू होणारा एकही नव्हता. मी मागचं पान पाहिलं, तिथं के. पुन्हा पुढचं पाहिलं. मग शांतपणे, एकेक ओळ बोटानं खाली येत पुन्हा पाहिलं, कारण मला घाई करून हे सुख संपवायचं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

"नीट पाहा वन्सं," वहिनी म्हणाली. "असणार."

"नाही. एल, ए असा एकही नाही."

माझा आवाज एवढा मोठा निघाला की आईनं अडकित्ता थांबवला. वहिनी म्हणाली, "असं कसं होईल?" आणि ती कोशाकडे वाकणार, तोच दादानं तिला हातानं थांबवलं. "नियम म्हणजे नियम. कुसुमच्या नजरेतून सहसा सुटत नाही." त्यानं टाक बुडवला आणि पेअर लिहिला. वहिनीनं पदर सारखा केला, उठली आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. मी त्या दिवशी संध्याकाळी दोन घास जास्त जेवले.

आता माझा नातू मोबाइलवर असाच एक खेळ खेळतो. अडला की तो चार अक्षरं टाकतो आणि त्या अक्षरांचे जगातले सगळे शब्द क्षणात रांगेनं उभे राहतात. "आजी, बघ," तो म्हणतो. मी बघते. मला पहिला विचार हाच येतो, की तेव्हा हे असतं तर वहिनीचं कुणाला कौतुक वाटलं असतं? दुसरा विचार नंतर येतो, की मग माझी तरी कुणाला गरज पडली असती.

निकालाचा अंक शनिवारी आला. दादा जिन्यातच उघडून बघत वर आला आणि चपला न काढता उभा राहिला. एकच चूक झाली होती. त्या चौकोनात एल, ए, आय, आर छापलं होतं. रेडिओ दुसऱ्याच कुठल्या गावी गेला होता.

दादानं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं कोश घेतला, एल काढला आणि पानांचे आकडे बघितले. ते आकडे बघण्याची मला कधी गरजच पडली नव्हती. त्यानं मागं पाहिलं, पुढं पाहिलं आणि मग कोश आडवा धरून शिवणीत बोट घातलं. "पानंच नाहीत," तो म्हणाला. "के चा शेवट आणि एल ची सुरुवात, अख्खा गठ्ठा नाही. बांधणीवाल्यानं शिवलाच नाही. आपला रेडिओ त्याच्या रद्दीत गेला, आई."

"वरून लाल कापड लावलं की झालं," आई म्हणाली. "पुण्यात सगळं वरूनच बघून घेतात."

मी दाराआड गेले होते. माझ्या मनात एकदम लख्ख झालं. लँड सुटला नव्हता. लँप सुटला नव्हता. एल ला मोठं अक्षर होतं, फक्त आमच्या घरी पोचलं नव्हतं. माझं बोट कधीच चुकलं नव्हतं. हे बाहेर जाऊन सांगावं असं मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन काही सांगावंसं वाटलं. मी पदर घट्ट धरून एक पाऊल टाकलं. तेवढ्यात वहिनी म्हणाली, "म्हणजे वन्सांच्या नजरेतून काही सुटत नव्हतं तर. उगीच बोलत होता तुम्ही त्यांना लँडवरून."

मी तिथंच थांबले. तेही तिनंच सांगितलं होतं. माझं होतं तेवढं एक, तेही तिला माझ्याआधी सुचलं. दादा म्हणाला, "खरंच की," आणि हसला, आणि हसताना पाहिलं तिच्याकडे.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी कोश काढलाच नाही. फाटक्या कोशाला विचारायचं कुणी? मी तांदूळ निवडायला सूप घेऊन मोरीजवळ बसले. पाठमोरी होते, पण कान मागंच होते. दादानं नवा अंक उघडला. "सात अक्षरी," तो म्हणाला, "शेवटी बी, एल, ई. शिवणारीच्या बोटाला असतं."

"थिंबल," वहिनी म्हणाली. "अंगुस्तान."

"वा," दादा म्हणाला. टाक दौतीत बुडाल्याचा आवाज आला. आता त्याचा टाक माझ्याशिवाय खाली टेकणार होता आणि एकदा टेकला की पुढच्या सगळ्या रविवारी तो तसाच टेकणार होता, हे मला त्या सुपातल्या खड्यासारखं स्पष्ट दिसत होतं. मी खडा उचलला नाही. नुसती बघत बसले.

"थांबा," वहिनी म्हणाली. "वन्सांनी अजून बघितला नाही."

"अगं, त्या कोशात पानं नाहीत. तुला येतोय ना शब्द?"

"पानं नाहीत ती एल ची. हा टी चा आहे. आणि नियम तुमचाच ना? लेअरला होता, मग थिंबलला का नको?" मग माझ्याकडे वळून, तिच्या नेहमीच्या आर्जवी आवाजात, "वन्सं, या ना. तुमच्याशिवाय कसं लिहायचं?"

मला वाटलं, जमीन फाटावी. तिनं मला टोमणा मारला असता तर मी तो जन्मभर जपून ठेवला असता. रेडिओ गेला म्हणून ती चिडली असती तर आम्ही दोघी सारख्या झालो असतो. पण ती माझी जागा मला परत देत होती. माझीच जागा, सगळ्यांसमोर, हात पुढे करून. ती द्यायची की नाही हे आता तिच्या हातात होतं. आणि मला तर ती हवी होती. मी उठले. हात पुसले की नाही आठवत नाही. कोश मांडीवर घेतला आणि बसले.

"टी, एच, आय, एम, बी, एल, ई," तिनं सावकाश सांगितलं.

मी पानं उलटली. टी म्हणजे कोशाचं दुसरं टोक, फाटल्या जागेपासून कितीतरी लांब. तरी मी देवाला म्हटलं, इथलाही एक गठ्ठा जाऊ दे. गेला नव्हता. उजव्या बाजूला, वरून जरा खाली, शब्द होता. मी त्याच्यावर बोट ठेवलं आणि तसंच धरून ठेवलं. मी काही म्हणेपर्यंत तिघंही माझ्याकडे बघत होती. दादाचा टाक हवेत होता. वहिनी अगदी श्वास धरून होती, जणू तो शब्द तिचा नसून माझाच आहे.

"आहे की नाही ते सांग बाई," आई म्हणाली. "शाई वाळतेय त्याची."

"आहे," मी म्हणाले.

"लिहा आता," वहिनी म्हणाली.

त्यानंतर माझं लग्न होईपर्यंत एकही रविवार मी चुकवला नाही. सासरी येताना दादानं तो कोश मला दिला. द्या असं म्हणणारी वहिनीच होती, हे सांगायला नको. दादा आता नाही. वहिनी आहे, थकली आहे; तिला शब्द आठवेनासे झाले आहेत, आणि फोनवर ती मला विचारते, "वन्सं, त्याला काय म्हणतात हो?" तेव्हा मी सांगते, आणि सांगताना मला जे वाटतं ते काही चांगलं नाही. कोश माझ्या कपाटात आहे. कागद तपकिरी झाला, हळदीचे ठसे बहुतेक उडून गेले. टी मधल्या त्या एका शब्दाखालचा मात्र अजून पिवळाजर्द आहे. तिथं माझं बोट सगळ्यांत जास्त वेळ होतं.